आमच्या खास बातमीदाराकडून

मास्तर : चाय तं घ्या आधी, साहेब. टपाल कुठी पळून नाई जात. टेबलावरच पडलं हाये.

पाहुणा : चहा नको. ते पुडकं बांधलंय तसंच माझ्या हातात द्या, मी निघतो.

मास्तर : असं कसं निघता? आलापल्लीपासून पायी आलेला मानूस पानी मांगत नाई, खाट मांगत नाई, पयले पेपर मांगते! चांद्याचे डिप्टी साहेब येतात शाळा तपासाले, थे बी असं नाई करत. थे पयले कोंबडी मांगतात.

पाहुणा : मी डिप्टी नाही.

मास्तर : थे समजलं. डिप्टी पायी येत नाईत. मंग तुमी कोन म्हनाचे? नाव बी नाई सांगितलं.

पाहुणा : नावाचं राहू द्या. दादाजी मास्तर तुम्हीच ना? तुम्ही एक पत्र धाडलं होतं. 'माननीय खास बातमीदार साहेब, मुक्काम मलाया' असा पत्ता घालून, पेपरच्या कचेरीत.

मास्तर : धाडलो होतो. तुमाले कसं मालूम?

पाहुणा : संपादकांनी पुढे पाठवलं. वर लाल पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'मौज म्हणून पाहावे व परत करावे.' मी परत केलं नाही.

मास्तर : म्हंजे... 'क्वालालंपूर, आमच्या खास बातमीदाराकडून', थे तुमी?

पाहुणा : पाच वर्षं. त्याआधी ब्रह्मदेश, त्याआधी जावा. जिथे माणसं मरायला लागत तिथे मला पाठवत. पुढेपुढे तर मी सामान घेऊन उतरलो की हॉटेलवाले खिडक्या लावून घेत.

मास्तर : अरे बापा! बसा, बसा. त्या खुर्चीचा पाय हालते, इकडं बसा. तुमाले मालूम नाई साहेब, तुमाले इथी काय मानतात! दर बुधवारी लच्छू डाकवाला पेपर आनते, तीन हप्त्याचा शिळा. दुसऱ्या दिवशी मोहाखाली अख्खा गाव बसते. मी वाचतो, मंग माडिया बोलीत सांगतो. नागपूरचं कोनी काई आयकत नाई. मंत्री कोन हाये थे बी कोनाले मालूम नाई. पन तुमच्या मलायाच्या रानात कोनत्या वळनावर लॉरी जळली, थे इथलं पोरगं पोरगं सांगन.

पाहुणा : का पण? मलायाशी या गावाचा काय संबंध?

मास्तर : तुमीच नाई का लिहिलं, 'येथील अरण्य इतके दाट की भर दुपारी कंदील लागतो'? बुधरीबाई आयकली अन् म्हने, हे आपलंच रान. इंद्रावतीच्या पल्याड बस्तर, बस्तरच्या पल्याड हे. मी नकाशा आनून दाखवलो, म्हटलं मंधात समुद्र हाये. थे म्हने, बरं, नदी जरा मोठी हाये.

पाहुणा : आणि म्हणून तुम्ही दगड उभे करता.

मास्तर : मी नाई, गाव करते. रानात मेला त्याचा दगड रानातल्या लोकायनं बसवाचा, नाई तं जीव हिंडत राह्यते. तिकडं कोनी बसवत नाई म्हनून इथी. तुमी नाव लिहिता, मी नाव वाचतो, थे नदीतून दगड आनतात. एकेचाळीस झाले. चला, शाळेच्या मागंच हायेत.

पाहुणा : येताना पाहिले. मास्तर, ते लहानमोठे का आहेत?

मास्तर : बसवतात तवा सारेच वितभर राह्यतात. मंग वाढतात. जीव सुखात असला का दगड वाढते.

पाहुणा : दगड वाढतो.

मास्तर : मी बी मानत नाई, साहेब. मास्तरकीची नॉर्मल परीक्षा पास हाये मी. पन शाळेची फूटपट्टी मानते.

पाहुणा : अप्पलसामीचा दगड कोणत्या दिवशी बसला?

मास्तर : तुमचा डायवर? त्याले कोन विसरन! तेलगू मानूस, म्हंजे आमच्या सिरोंच्याकडचाच असन, म्हनून गावाले त्याचं भारी. टायर बदलता बदलता गाना म्हने, वांदराले बिडी दे... तो मेल्याचा पेपर वाचलो तवा बाया रडल्या, साहेब.

पाहुणा : दिवस.

मास्तर : पत्रात लिहिलो होतो ना? थांबा, हजेरीबुकात हाये. हे पाहा. एकोनतीस आगस्ट, तान्हा पोळा. 'श्री. अप्पलसामी यांचे दुःखद निधन, शाळेस सुट्टी.' पुरानं लच्छू उशिरा आला, रविवार होता, सुट्टी वाया गेली. खाली डिप्टी साहेबाचा शेरा हाये, 'सदर विद्यार्थी कोणत्या इयत्तेत होता?'

पाहुणा : किती वाजता?

मास्तर : दगड बाराले बसते. सावली पायाखाली आली का. पन काऊन?

पाहुणा : मी लिहिलं होतं तो जुलैत मेला. रबराच्या मळ्याजवळ, लॉरीवर गोळीबार झाला त्यात.

मास्तर : हो. 'त्याचा हात अखेरपर्यंत चाकावर होता.' मी तोंडपाठ सांगतो.

पाहुणा : तो लेख मी हॉटेलच्या गॅलरीत बसून लिहिला. त्या वेळी अप्पलसामी खाली माझी मोटार धूत होता.

मास्तर : ...म्हंजे?

पाहुणा : संपादकांची तार आली होती. 'मेलेले सगळे परके. वाचकांच्या ओळखीचा एक तरी पाठवा.' ओळखीचा तोच होता. लेख मी त्याला वाचूनही दाखवला. पोट धरून हसला. म्हणाला, साहेब, बायकोला दाखवतो, निदान एक दिवस तरी भांडणार नाही.

मास्तर : जिता होता तो?

पाहुणा : एकोणतीस ऑगस्टपर्यंत ठणठणीत. त्या दिवशी दुपारी माझ्यासमोर बसून त्यानं चहा बशीत ओतला, फुंकर घातली, आणि प्यायला नाही. बशी हातात तशीच. एक थेंब सांडला नाही. डॉक्टरला काही सापडलं नाही.

मास्तर : किती वाजले होते?

पाहुणा : दोन.

मास्तर : हॅ! मंग नाई जमत, साहेब. तुमचे दोन, आमचे बारा. उगाच घाबरवलं मले.

पाहुणा : तिथली घड्याळं आपल्या दोन तास पुढे असतात, मास्तर.

(मास्तर हातातली बशी टेबलावर ठेवतात.)

पाहुणा : तुमचा चहा गार होतोय.

मास्तर : होऊ द्या. बशीच नाई उचलत आता माझ्याच्यानं. साहेब, लिहिलं तुमी, पन तोंडानं तं मी सांगितलो. मोठ्यानं. दोनदा. मागच्या लोकायले आयकू नाई गेलं म्हनून दोनदा.

पाहुणा : तुम्हाला काय माहीत होतं?

मास्तर : माहीत नव्हतं म्हनूनच खराब वाटते. तुमाले माहीत होतं, तुमाले खराब वाटलं तं ठीक हाये. पन मंग आता काऊन आले? त्याचा दगड उपटाले?

पाहुणा : नाही. या पुडक्यासाठी. यातल्या अंकात आणखी एक मेलाय.

मास्तर : कोन?

पाहुणा : मी.

मास्तर : तुमी तं समोर बसून हाये.

पाहुणा : म्हणूनच घाई आहे. मी कंटाळलो होतो, मास्तर. तीन वेळा राजीनामा धाडला. तिन्ही वेळा एकच उत्तर, 'राजीनामा पोचला. पुढील मजकूर बुधवारपर्यंत पाठवणे.' जिवंत बातमीदाराला ते सोडत नाहीत. मग मी हॉटेलच्या मॅनेजरच्या नावानं मजकूर पाठवला, 'आपले बातमीदार गोळी लागून ठार.' सोबत माझी सगळी हकिकत. शौर्य, साधेपणा, सहकाऱ्यांबद्दलचं प्रेम. माझ्याविषयी इतकं चांगलं आजवर कुणी लिहिलं नव्हतं.

मास्तर : अन् थे बी तुमीच लिहिलं.

पाहुणा : मनापासून लिहिलं. मजकूर विमानानं गेला आणि तिसऱ्या दिवशी तुमचं पत्र हातात पडलं. मिळाली ती बोट धरून मद्रास, तिथून गाडी, बल्लारशाला उतरलो. नागपूरला गेलोच नाही. म्हटलं, तुमच्या लच्छूच्या आधी पोचलं पाहिजे.

मास्तर : लच्छू कालच आला. पन पुडकं मले एकट्याले सोडता नाई येत, साहेब. एकदा गावातल्या सोमाजीनं आळ घेतला, मास्तर आपल्या मनाचे लोक मारते म्हने. तवापासून गावासमोर सोडाचं अन् गावासमोर वाचाचं.

पाहुणा : मग सोडूच नका. चुलीत घाला. पावसात भिजलं म्हणा.

मास्तर : नवंबरात?

पाहुणा : बकरीनं खाल्लं म्हणा! मास्तर, बाराला किती वेळ आहे?

मास्तर : जास्ती नाई. चूप बसा, बुधरीबाई येऊन राह्यली. दगडायचं थेच पाह्यते.

बुधरी : मास्तर, कागद आन. लोक बसले. सावली आखडली.

मास्तर : आनतो, बाई. हे... हे पाहुने हायेत. आलापल्लीहून आले.

बुधरी : मालूम हाये. सकाळी दगडापाशी उभा होता हा. अप्पलसामी म्हने, साहेब आला.

पाहुणा : ...कोण म्हणे?

बुधरी : अप्पलसामी. तो लय बोलते. चांगला हाये. त्याचा दगड गुडघ्याच्या वर गेला.

मास्तर : बाई, साहेबाले असं तोंडावर नको...

पाहुणा : बोलू द्या. बाई, तो माझ्यावर रागावलाय का?

बुधरी : नाई. इचारते, मोटार कोन धुते आता?

पाहुणा : आणि बाकीचे? ते येतात?

बुधरी : हाक मारली का येतात. तांदूळ खातात, जातात. चार नाई येत. चार दगड वाढत नाईत, तसेच हायेत. वितभर.

पाहुणा : कोणते चार?

बुधरी : तो लाल टोपीवाला. त्या दोन बहिनी. अन् ती लहान पोरगी, जळलेल्या घरात बाहुली धरून बसलेली. तिले मी हाक मारतो. पोरगी नाई येत. बाहुलीच येते.

मास्तर : साहेब, तुमाले घाम काऊन सुटला?

पाहुणा : ते चार नव्हतेच, मास्तर. त्या आठवड्यात पाऊस होता, बाहेर पडवेना. मी खोलीत बसून लिहिले ते. पण असे बनवलेले पाच होते. पाचवा तो घड्याळं दुरुस्त करणारा म्हातारा, चिनी.

बुधरी : म्हातारा येते.

पाहुणा : कसा येईल? तो मी बनवला.

बुधरी : तू बनवला. पन तो होता.

मास्तर : बाई, तो पेपर आज नाई वाचाचा. त्यात ज्याचं नाव हाये तो मेला नाई. जिता हाये. आपल्या दगडानं मरन तो.

बुधरी : दगड कोनाले मारत नाई. दगड जागा करते. जागा झाली का मानसाले याव लागते.

पाहुणा : तर मग जागा करू नका. एवढंच मागतोय.

बुधरी : झाली. लच्छू बोलला, कागदाभोती काळी रेघ हाये. काळी रेघ म्हंजे मोठा मानूस मेला. काल दगड आनला, पानी पाजलं, तांदूळ दाखवले. आता तो रिकामा नाई जात.

पाहुणा : नदीत परत टाका.

बुधरी : एकदा टाकला होता. मी लहान होतो तवा. नाव नाई भेटलं, बुडवून आलो. दगडानं आपल्या मनानं नाव घेतलं. माझा भाऊ, वारलू. तो तिथीच खेळून राह्यला होता.

मास्तर : साहेब, माझ्या शाळेत अठरा लेकरं हायेत. आता बी दगडाभोतीच बसून असन सारे.

पाहुणा : थांबा. विचार करू द्या. नाव लागतं ना? मी देतो नाव. नावं बनवणं माझा धंदा आहे. आत्ता एक बनवतो.

बुधरी : मंग अजून एक बाहुली येईन. नाई तं त्या म्हाताऱ्यावानी कोनी जिता मानूस येईन.

पाहुणा : बरं, बनवलेलं नको. खरं देतो. आमच्या संपादकांचं देऊ?

मास्तर : त्यायचं नाव तं दर अंकाच्या खाली छापून येते.

पाहुणा : तेच म्हणतो मी! पूर्ण नाव, पत्त्यासकट. वजन ऐंशीच्या... नाही. राहू द्या. नको.

मास्तर : काऊन? मले तं जमलं होतं.

पाहुणा : त्यांना चहा बशीतून पिण्याची सवय आहे.

बुधरी : लवकर करा. सावली बोटभर राह्यली.

मास्तर : साहेब, मी काय म्हनतो, माझंच नाव सांगू का? वाचनारा तं मीच होतो ना.

बुधरी : मास्तर, तू चूप. तुले अजून शाळा हाये.

पाहुणा : सोडा ते पुडकं, मास्तर. वाचा. अठरा पोरं आहेत म्हणता, तर वाचा.

मास्तर : गावासमोर सोडाचं असते...

बुधरी : मी हाये ना गाव. सोड.

(मास्तर सुतळी सोडतात. अंक टेबलावर पसरतात. काळ्या रेघेचा वर घेतात.)

पाहुणा : काय आहे? पहिल्या पानावर आहे ना?

मास्तर : पयल्याच पानावर. चांगली बोटभर जाड काळी रेघ हाये. 'मलायाच्या रणभूमीवर आमचे खास बातमीदार ठार.'

पाहुणा : पुढे. नाव पहिल्याच ओळीत घातलंय मी.

मास्तर : 'निर्भीड, निःस्पृह, सहकाऱ्यांचा जीव की प्राण असलेले आमचे खास बातमीदार...' नाव नाई, साहेब.

पाहुणा : खाली असेल. हकिकतीत.

मास्तर : 'आमच्या खास बातमीदारांचा जन्म नागपूर येथे झाला.' 'आमच्या खास बातमीदारांनी जावा बेटावर असताना...' दोन कालम भरले. नाव कुठीच नाई.

पाहुणा : फोटो? फोटोखाली असणार.

मास्तर : फोटो हाये. एक नारळाचं झाड हाये. खाली लिहिलं, 'मलायातील एक दृश्य.'

पाहुणा : आतल्या पानावर पाहा. बारीक टायपात असेल. चौकट असेल.

मास्तर : चौकट हाये. 'वाचकांनी काळजी करू नये. पुढील आठवड्यापासून मलायाचे वृत्त नेहमीप्रमाणे आमच्या खास बातमीदाराकडून.'

(पाहुणा अंक ओढून घेतो, चौकट स्वतः वाचतो.)

मास्तर : साहेब! अहो, म्हंजे सुटले तुमी! नावच नाई तं जागा कोनाची? देव पावला! बसा, मी दुसरी चाय ठेवतो.

पाहुणा : अकरा वर्षं, मास्तर. जावात मलेरिया, रंगूनमध्ये तुरुंग. अकरा वर्षांत एकदा नाव छापलं नाही. मी मेल्यावर तरी... मी मेल्याचंसुद्धा नेहमीप्रमाणे?

मास्तर : बरंच झालं ना पन!

पाहुणा : अप्पलसामीचं छापलं होतं. मोठ्या टायपात. त्या चौघांचंही छापलं, जे नव्हते.

बुधरी : मंग? दगडाले काय सांगू? सावली आली.

मास्तर : थांब बाई, काईतरी काढू. सोमाजीले बोलावू, पोरं आधी दूर कराले सांगू...

पाहुणा : बाई, दगड बसला की नाव एकदाच घेता का?

बुधरी : दर साली. नवं धान आलं का पयली मूठ त्यायची. एकेकाचं नाव घेऊन.

पाहुणा : पूर्ण नाव?

बुधरी : सांगशीन तेवढं.

पाहुणा : चुकत नाही? गळत नाही? जागा कमी पडली म्हणून कापत नाही?

बुधरी : कागदावर जागा कमी पडते. तोंडात काऊन कमी पडन?

पाहुणा : आणि तुमच्यामागं?

बुधरी : माझ्यामागं माझी पोरगी सुकरी घेईन. मंग तिची पोरगी. माझ्या आजीच्या आजीनं बसवलेला बी घेतो मी.

मास्तर : साहेब, तुमच्या डोळ्यात हे काय आलं? नका हो. मी म्हनतो, चला, मी तुमाले नाल्यापर्यंत पोचवतो. निघा आता.

पाहुणा : पोरं कुठे बसलीत म्हणालात?

मास्तर : दगडाभोती.

पाहुणा : त्यांना हलवू नका. ऐकू द्या. बाई, नीट ऐका. मार्तंड केशव डबीर. मुक्काम महाल, नागपूर.

बुधरी : मार्तंड केशव डबीर.

पाहुणा : मुक्काम महाल.

बुधरी : मुक्काम महाल, नागपूर. जातो मी.

मास्तर : बाई! बुधरीबाई! अहो साहेब, थांबवा तिले. अजून पोचली नाई तिथवर. हाक मारा ना!

मार्तंड केशव डबीर : जाऊ द्या, मास्तर. तो मघाचा चहा आहे ना? आणा. बशीतच ओता.